सहाचे सात झाले तेव्हा

दहा वर्षं मुदतीचा, 6 टक्के कूपनचा (म्हणजे 100 वर वर्षाला 6 व्याज देणारा) सरकारी रोखा मी दर्शनी किमतीला, म्हणजे 100 ला घेतला आणि निर्धास्त झालो. पुढे महागाईचे आकडे चढत गेले, बाजारातलं यील्ड, म्हणजे चालू भावाने रोखा घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, 7 टक्क्यांवर पोचलं आणि माझ्या रोख्याचा भाव 93च्या आसपास आला. व्याज वेळेवर जमा होत होतं, सरकारही बुडालं नव्हतं. मग 7 गेले कुठे?

नव्या रोख्यावर 7 टक्के मिळत असताना माझा 6 टक्क्यांचा कोण पुऱ्या भावाने घेईल? हे लगेच कळलं. पण मुळात सहाचे सात का झाले, इथे गाडी अडली.

मी यील्डमधून गेल्या वर्षीची महागाई वजा करून 'खरा' परतावा काढत होतो. तिथेच चुकत होतं. कर्ज देणारा पुढची दहा वर्षं बघतो. अमेरिकेचे जुने आकडे पाहिल्यावर हे पटलं. तिथे महागाईने 1980 मध्ये 14 टक्क्यांच्या वर शिखर गाठलं, दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड मात्र सप्टेंबर 1981 मध्ये, 15 टक्क्यांच्या पलीकडे जाऊन टेकलं. महागाई तोवर उतरणीला लागली होती. पण दुधाने तोंड पोळलेले लोक ताकही फुंकून पीत होते. ती फुंकर म्हणजेच जोखीम प्रीमियम, जोखमीपोटी मागितलेला जादा परतावा.

मग साधा रोखा आणि तेवढ्याच मुदतीचा महागाईशी जोडलेला (महागाईबरोबर ज्याची रक्कम वाढते असा) रोखा यांच्या यील्डमधला फरक बघू लागलो. बाजाराची महागाईची अपेक्षा त्यातून कळते. अगदी शुद्ध नाही म्हणा. त्यात महागाईच्या भीतीचा प्रीमियमही मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढणं तज्ज्ञांनाही नीट जमत नाही.

एवढं शिकल्यावर एका कंपनीच्या रोख्याचा मोह झाला. सरकारीपेक्षा 2 टक्के जास्त! मी हिशेब मांडला: वर्षाला 2 टक्के बुडण्याची शक्यता, बुडाल्यास 100 पैकी 40 हाती. म्हणजे सरासरी नुकसान वर्षाला 1.2. उरले 0.8. शिवाय त्या रोख्यात सौदे क्वचितच होत. अडीनडीला विकायचा तर गिऱ्हाईक शोधत बसा. ते 0.8 मी दुसऱ्या कुणाला तरी सोडले.