३८ वर्षं एकच खुर्ची

व्हिएन्नात ७१ नंबरची ट्राम रेनवेगवरून जाते तेव्हा एका भारदस्त वाड्यावर इटलीचा झेंडा दिसतो. ही इटलीची वकिलात. वाडा बांधून घेतला ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री क्लेमेन्स फॉन मेटर्निख याने. आणि याच गृहस्थाने १८४७ साली 'इटली म्हणजे नुसती भौगोलिक संज्ञा' अशी त्या देशाची संभावना केली होती! भारतातून कुणी आलं की शोनब्रुनच्या राजवाड्याआधी मी हा वाडा दाखवते.

मेटर्निख ऑक्टोबर १८०९ मध्ये मंत्री झाला, तेव्हा पुण्यात पेशवाई होती. पायउतार झाला मार्च १८४८ मध्ये. त्याच वर्षी सातारा खालसा झालं. इतका काळ टिकणं म्हणजे गंमत नाही. तो मूळचा ऱ्हाईनकाठचा, कोब्लेंट्सचा. फ्रेंचांनी घराण्याच्या तिथल्या जमिनी घेतल्या आणि क्रांतीचा जो धसका त्याने घेतला, तो कायमचा. लग्न मात्र जुन्या चॅन्सेलर काउनिट्झच्या नातीशी झालं, त्यामुळे दरबाराचे दरवाजे आपसूक उघडले.

तो खुर्चीवर बसला तेव्हा ऑस्ट्रिया नुकताच वाग्रामच्या लढाईत नेपोलियनकडून हरला होता, तिजोरीत खडखडाट. लढता येत नाही तर सोयरीक करा, हा त्याचा हिशेब. ज्या नेपोलियनने दोनदा व्हिएन्ना घेतलं, त्यालाच १८१० मध्ये ऑस्ट्रियाच्या बादशहाची मुलगी मारी लुईझ दिली. मग तीन वर्षं गोड बोलत सैन्य उभं केलं. जून १८१३ मध्ये ड्रेस्डेनला दोघांची कित्येक तास खडाजंगी झाली. नेपोलियनने रागाने टोपी भिरकावली, मी ती उचलली नाही, असं मेटर्निखनेच लिहून ठेवलंय. स्वतःची आरती ओवाळण्यात तो कधी कमी पडला नाही, तेव्हा टोपीचं काय ते त्यालाच माहीत. पण ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाने सासरेपण बाजूला ठेवून जावयावर युद्ध पुकारलं, हे मात्र खरं.

नेपोलियन हरल्यावर युरोपची नवी मांडणी ठरवणारी १८१४-१५ ची व्हिएन्ना परिषद सगळ्यांना माहीत असते, गाईड लोक तिथल्या नाचगाण्याच्याच कथा रंगवतात. मला त्यानंतरचा मेटर्निख जास्त खटकतो. १८१९ चे कार्ल्सबाड आदेश: छापखान्यांवर सेन्सॉर, विद्यार्थी संघटनांवर बंदी, प्राध्यापकांवर पाळत. लोकांची टपाली पत्रंसुद्धा गुपचूप फोडली जायची. युरोपात मोठं युद्ध होऊ दिलं नाही हे श्रेय त्याला द्यायलाच हवं, पण घरात तोंड दाबून ठेवलेली माणसं कधीतरी बोलणारच. १३ मार्च १८४८ ला व्हिएन्नातल्या हेरेनगास रस्त्यावर विद्यार्थी जमले, सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. संध्याकाळपर्यंत मेटर्निखचा राजीनामा. मग लंडन गाठलं.

१८५१ मध्ये तो परतला, मंत्रिपदाविना. तरुण बादशहा फ्रान्झ योझेफ अधूनमधून सल्ला विचारायचा. १८५९ मध्ये इटलीतल्या सार्डिनिया राज्याशी वाद पेटला तेव्हा म्हातारा म्हणाला, "देवाशपथ, निर्वाणीचा खलिता नको!" बादशहा म्हणाला, "तो कालच गेला." असं सांगतात. ४ जूनला माजेंताला ऑस्ट्रिया हरला. ११ जूनला ८६ वर्षांचा मेटर्निख वारला. २४ जूनला सोल्फेरिनोची लढाई झाली आणि इटलीतला लोंबार्डी प्रांत ऑस्ट्रियाच्या हातचा गेला.