चार भाषा येणारी मदतनीस

आज खानापूरहून मामेबहीण घरी आली होती. जर्मनीतून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या या मुलीची अर्धी सुट्टी जुन्या नर्सिंग कॉलेजातून अभ्यासक्रमाचा तासांनुसार तपशील मिळवण्यातच गेली आहे. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी आणि अतिदक्षता विभागातील सहा वर्षांचा अनुभव असूनही, पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत तिला परिचारिका म्हणून काम करता येत नाही. ती मदतनीस म्हणून, मदतनिसाच्याच पगारावर राबते. परदेशी पात्रतेला मान्यता देणारा कायदा तिथे २०१२ पासून आहे, परंतु दोन्ही अभ्यासक्रमांची तुलना होऊन फरक आढळला की पूरक प्रशिक्षण घ्यावे लागते किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि त्याखेरीज बी-२ पातळीची, म्हणजे कामाच्या ठिकाणी सहज संवाद साधता येईल इतपत, जर्मन भाषाही यावी लागते.

मराठी शाळेत शिकलेली, बाजारात कन्नड बोलणारी, रुग्णांशी हिंदी-कोकणीत जुळवून घेणारी ही मुलगी तिथे मात्र ‘भाषा कच्ची’ ठरते, याचे मला हसू आले. तिला आले नाही.

चार वर्षांची लेक आजीकडे आहे, कारण पूर्ण पगार सुरू होईपर्यंत तिला नेणे परवडणारे नाही. ‘मुलीला सोडून कशी राहतेस?’ असे तिला इथे प्रत्येकजण विचारतो. आखातात गेलेल्या आमच्या भागातल्या पुरुषांना हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

निघताना तिने कुंद्याचा (बेळगावकडची खव्याची मिठाई) डबा फायलींवर ठेवला आणि म्हणाली, “ताई, सोमवारी लिपिक जागेवर असले तर बरं, गुरुवारी माझं विमान आहे.”