चावी नसलेलं पाणी

फळ्यावर धबधब्याचं चित्र काढलं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, टाकी भरून सांडतीय का?"

वर्गात कुणी हसलं नाही. माझ्या तिसरीतल्या बहुतेक मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर असतात. सोलापूरच्या या पूर्व भागात नळाला चार-पाच दिवसांनी, चावीवाला येऊन गल्लीची चावी सोडेल तेव्हाच पाणी येतं. वरून पाणी पडतंय म्हणजे कुणाची तरी टाकी, हे त्यांच्या परीनं बरोबरच होतं. पण मला ते फार लागलं. यांना नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा दाखवायचाच, असं त्याच दिवशी ठरवलं.

नळदुर्ग इथून पन्नासेक किलोमीटर, हैदराबाद रस्त्यावर. धबधबा मात्र आपल्या सवडीनं पडत नाही. वरचं बोरी धरण भरून नदी किल्ल्यात आली, तरच. सप्टेंबरात तशी बातमी आली आणि दोन दिवसांत आम्ही निघालो. चौतीस मुलं, आम्ही दोघी बाई आणि शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी.

तटावरून चालताना आवाज आधी आला. मुलांची बडबड आपोआप थांबली. मग ते दिसलं. दगडी बंधाऱ्यावरून शेजारी शेजारी कोसळणारे दोन पांढरे लोट, एक नर, एक मादी. हा बंधारा बांधल्याचं 1613 साल, बांधणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा, मी सगळं पाठ करून गेले होते. त्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. बरंच झालं. मुलांनी आधी नुसतं पाहायला हवं होतं.

काठावर घरंच्या घरं आली होती. एका कुटुंबानं सतरंजी पसरून ज्वारीच्या भाकरी नि शेंगाची चटणी काढली होती. त्यातल्या आज्जी म्हणाल्या, "आमी दर साली येताव. पाणी बगितल्याबिगर बरं वाटत नाही."

पाण्यात उतरायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. दहा-दहा मुलं घेऊन, एकमेकांचा हात धरायला लावून पाणीमहालात उतरलो. तो बंधाऱ्याच्या पोटातच आहे. अरुंद पायऱ्या, अंधार, आणि खाली गेल्यावर कमानीतून समोर पडणारं पाणी. नदी डोक्यावरून जाते आणि आपण कोरड्या दगडावर उभे! चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी पाण्याला वाट इतकी नेमकी करून दिली आहे. एका मुलानं भिंतीला तळहात लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. "बाई, भिंत हालतीय आतून."

वर आल्यावर एक मुलगी गप्प होती. एरवी तोंड बंद नसतं तिचं. जवळ बसवलं तेव्हा म्हणाली, "बाई, कुणी भरून का घेईना? सगळं वाया चाललंय की."

तिला नीट उत्तर द्यायला हवं होतं. वाया जात नाही, म्हटलं. बोरी इथून अक्कलकोटाकडं जाते, कुरनूरच्या धरणात अडते, शेताला लागते, उरलेलं पाणी भीमेला मिळतं.

"मग आपल्या नळाला?"

"नाही गं. आपल्याला भीमेवरच्या उजनी धरणाचं येतं. ही नदी भीमेला पार खाली मिळते."

ती विचारात पडली. "आन् हे बंद कोण करतंय?"

"कुणी नाही. पाऊस सरला की आपोआप कमी होतं."

तिचा विश्वास बसला नसावा. निघेपर्यंत ती बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना काहीतरी शोधत होती.

परतायला सात वाजले. त्या दिवशी तिच्या गल्लीचा पाण्याचा वार होता. कोपऱ्यावर तिची आई घागरी घेऊन रांगेत उभी. गाडी थांबताच पोरगी उडी मारून पळाली, दप्तर पाठीवर तसंच. एक घागर उचलता उचलता आईला ओरडून सांगत होती, "अम्मा, तिकडं चावीवालाच नाही!"