पत्रिकेतली नावं

ऑक्टोबरात नोबेलच्या आठवड्यातला मंगळवार, दुपारचे सव्वातीन. डोळ्यांवर पेंग आणि फोनवर स्टॉकहोमचं थेट प्रक्षेपण. भौतिकशास्त्राचं नोबेल शिळं झाल्यावर कळलेलं मला खपत नाही. त्यातलं कळतं किती, असं घरात विचारतात. मी ऐकू न आल्यासारखं करतो. २०२५ साली क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं, तेही बर्कलीत १९८४-८५ मध्ये केलेल्या प्रयोगांसाठी. कधीकधी चाळीस वर्षं थांबायचं, पण माणसं फार तर तीन, हा तिथला दंडक.

मोजक्या नावांत भागवायचं म्हणजे काय, ते आमच्या घराला विचारा. आत्याच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ प्रेसमधून आलं, ते आजोबा ओटीवर चष्मा लावून वाचत होते. आम्ही पोरं त्यांच्या खांद्यावरून किलबिलमधलं आपापलं नाव शोधत होतो. छापून आल्यावर कळलं, मधल्या काकांचं नाव राहिलंय. "समस्त परिवारात आलंच की!" आजोबा म्हणाले. काका लग्नाला आले, पंगतीत जिलबी वाढली. फोटोत मात्र उभे राहिले नाहीत.

मला तेव्हापासून लांबलचक याद्या आवडतात. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वीय लहर, अशा लहरी टिपणाऱ्या लायगो या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या बाहूंना हलवून गेली. हलवून म्हणजे किती, तर प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी कमी. पुढच्या फेब्रुवारीत आलेल्या शोधनिबंधाला हजारावर लेखक, वर्णानुक्रमे. पहिले तिन्ही अ‍ॅबट! (आडनावातही नशीब लागतं.) मी यादीवरून बोट फिरवत गेलो, आणि 'डी'मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर दिसल्यावर उगीचच माझी कॉलर ताठ झाली.

त्याच वर्षी ब्रेकथ्रू पारितोषिकवाल्यांनी मला पटेल असा हिशेब केला. तीस लाख डॉलरपैकी दहा लाख तिघा संस्थापकांना आणि वीस लाख बाकीच्या १०१२ जणांत सारखे. डोई जेमतेम दोन हजार पडले, पण पडले.

ते तिघे संस्थापक म्हणजे वाइस, थॉर्न आणि रोनाल्ड ड्रेव्हर. ड्रेव्हर ७ मार्च २०१७ ला गेले. ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं ते वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना. बॅरिश यांनी लायगो प्रत्यक्ष उभं करून दाखवलं होतं, तेव्हा त्यांचा हक्क होताच. ड्रेव्हर आणखी सात महिने जगले असते, तर चौघांतलं कोणाचं नाव गाळायचं, हे समितीला ठरवावं लागलं असतं.