आमची वाटचाल : कुठल्या जीपचं काय कुठल्या जीपला चालतं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. जुन्या महिंद्रा जीप, मेजर, कमांडर, मार्शल, आर्मडा आणि बोलेरो, एवढ्याच गाड्या आम्ही घेतो. त्यातही आमचं खरं काम एकच : एका पिढीच्या गाडीचा भाग दुसऱ्या पिढीच्या गाडीला बसवून देणं, आणि जिथं तो बसवू नये तिथं स्पष्ट नाही म्हणणं.

सुरुवात वडिलांनी केली. ते मुळात टर्नर. दुसऱ्यांच्या शेडमध्ये ऑईल इंजिनाचे भाग कातण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग एक जुना लेथ हप्त्यावर घेऊन त्यांनी स्वतःचं सुरू केलं. त्या काळात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीप जोरात होत्या. दिवसातून एक-दोनदा एसटी येणाऱ्या गावांना वडापचाच आधार. असली गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवशीचा हप्ता बुडाला. कंपनीचा भाग मुंबई-पुण्याहून यायला वेळ लागायचा, म्हणून ड्रायव्हर तुटलेला शाफ्ट खांद्यावर टाकून वडिलांकडं यायचे. "मालक, उद्या सकाळी गाडी लाईनीला लागली पाहिजे," एवढंच सांगायचे. नवा भाग मिळत नसेल तर दुसऱ्या मॉडेलचा काढून, कातून, बुश (मधली नळी) घालून बसवायचा. आमचा धंदा या गरजेतून उभा राहिला.

डिप्लोमा करून मी वडिलांच्या हाताखाली आलो, तेव्हा पहिला प्रश्न पडला की हे भाग एकमेकांना बसतात तरी कसे. उत्तर या गाड्यांच्या घराण्यात आहे. महिंद्रानं १९४७ साली अमेरिकेच्या विलीज जीपचा परवाना घेतला. पुढची कित्येक दशकं चासी (गाडीचा सांगाडा), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), अ‍ॅक्सल यांची ठेवण तीच राहिली, बदलत गेली ती इंजिनं. आधी २१९९ सीसीचं पेट्रोल हरिकेन. मग फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल, पुढं त्याच घराण्यातलं २४९८ सीसीचं. आणि डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन २५२३ सीसीचं. ते आलं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरच्या वंशातून, आणि त्या ट्रॅक्टरचं मूळ इंग्लंडमध्ये. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६. आकडे विचित्र वाटतात, पण इंचात बघितलं तर सरळ साडेतीन आणि चार इंच.

म्हणजे एकाच बॉनेटखाली आणि एकाच चासीवर अमेरिकेचा इंच, इंग्लंडचा इंच आणि फ्रान्सचा मिलिमीटर एकत्र नांदतात. आमच्याकडं नवीन आलेल्या पोराला मी पहिली गोष्ट शिकवतो ती ही. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो. आठचा बोल्ट हाताला तसाच लागतो. इंची आट्यांच्या भोकात आठचा बोल्ट घातला की पहिले दोन आटे बोटानं सहज फिरतात, पुढं घट्ट लागतो. पोराला वाटतं गंज आहे, तो पाना लावून ओढतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगचे आटे कायमचे जातात. म्हणून आमच्या प्रत्येक टेबलावर आट्यांचं माप घेणारी दोन पिच गेज टांगलेली आहेत, एक इंची, एक मेट्रिक. बोल्ट हातात घेतल्यावर आधी गेज, मगच पाना. हा नियम वडिलांच्या वेळेपासूनचा, आणि तो मोडलेला मला खपत नाही.

दुसरी गोष्ट चाकांची. विलीज घराण्याच्या जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. पुढच्या पिढ्यांचे हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) दोन्ही बाजूंना सुलट्या आट्यांचे. एखाद्या जुन्या जीपला डाव्या बाजूला नवा हब घातला की गाडी छान चालते. पण पंक्चर झाल्यावर रात्री घाटात ड्रायव्हर सवयीनं नट उलट्या दिशेनं फिरवतो, सैल करायच्या ऐवजी आवळतो आणि जोर लावून स्टड मोडतो. म्हणून हब बदलला की त्या चाकाच्या डिस्कवर आम्ही लाल रंगानं बाण काढून देतो. मारुती जिप्सीचं चाकही अनेक जण घेऊन येतात. नटांची पाच भोकं आणि त्यांचं १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ, दोन्हीकडं तेच, म्हणून ते हबवर सरळ चढतं. पण जिप्सीचे नट मेट्रिक, जीपचे अर्धा इंची. चाक बसलं म्हणून जिप्सीचेच नट वापरायचे नाहीत.

वडिलांच्या डोक्यात हे सगळं होतं, कागदावर काहीच नव्हतं. मी वह्या सुरू केल्या. गाडी खोलली की कुठल्या मॉडेलचा भाग, व्हर्नियरनं घेतलेली मापं, शाफ्टवरच्या स्प्लाइनचे (उभ्या खाचांचे) दाते, भोकांचं अंतर, हातानं काढलेली आकृती, सगळं त्यात. आणि त्याखाली तो भाग कशाला सरळ बसतो, कशाला बुश किंवा रिंग घालून बसतो, कशाला अजिबात द्यायचा नाही. वडील सुरुवातीला म्हणायचे, "अरे, माप हातात पाहिजे, वहीत काय करायचंय?" मग एकदा ते आजारपणात घरी असताना कमांडरच्या क्लचचं काम आलं. वही बघून पोरांनी ते त्यांच्याशिवाय केलं. बरे होऊन आले तेव्हा त्यांनी स्वतः एक नवी वही आणून टेबलावर ठेवली. आता त्या वह्यांचं कपाट भरलंय. माझी बायको स्टोअर आणि हिशेब बघते, तिनं त्यातली बरीच मापं कॉम्प्युटरवर चढवलीत. एखादा भाग कुठल्या फळीवर आहे हे आज वर्कशॉपमध्ये तिच्याइतकं कुणाला सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त वाद होतात ते मागच्या अ‍ॅक्सलवरून. गिऱ्हाईक भंगारातून बोलेरोचा अख्खा अ‍ॅक्सल घेऊन येतं आणि जुन्या फोर बाय फोर जीपला घालायला सांगतं.

"मालक, रुंदी मोजली मी. बसतोय की!"

"बसतोय खरं, पण गोळा बघा कुठं आलाय."

जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून) मागची ताकद मधोमध निघत नाही, उजवीकडून निघते. म्हणून तिच्या मागच्या अ‍ॅक्सलवर डिफ्रन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळाही उजवीकडं सरकवलेला असतो. बोलेरोच्या अ‍ॅक्सलवर तो मध्ये. पाट्यांच्या बैठका हलवून तो अ‍ॅक्सल गाडीखाली बसवता येतो, वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो. पण मग ताकद मागं नेणारा प्रोपेलर शाफ्ट खाली-वर तिरका असतोच, तो बाजूलाही तिरका होतो. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर झिजतात, वेग वाढला की गाडी थरथरते आणि पिनियनचा बेअरिंग आवाज करायला लागतो. हे मी गिऱ्हाइकाला गाडीखाली झोपवून दाखवतो. दोन्ही अ‍ॅक्सल शेजारी ठेवून मधून दोरी धरली की बोलायची गरज राहत नाही.

त्याहून धोक्याचं आहे रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर किती फेरे घेतो तो हिशेब. पुढच्या अ‍ॅक्सलला क्राऊनचे (मोठ्या दातेरी चाकाचे) ४३ आणि पिनियनचे (लहान चाकाचे) ८ दात असतील तर रेशो ५.३८. मागं दुसऱ्या पिढीचा ३९ आणि ८ चा सेट आला तर ४.८८. साध्या रस्त्यावर फोर बाय टूमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालताना, कळतही नाही. फोर बायचा दांडा ओढला की पुढची चाकं वेगळ्या हिशेबानं फिरायला बघतात, मागची वेगळ्या. चिखलात चाकं घसरून निभावतं, डांबरावर ताण गिअरवर आणि शाफ्टवर येतो, आणि एक दिवस काहीतरी तुटतं. म्हणून अ‍ॅक्सल कुठूनही आला तरी आम्ही तो उघडून दात मोजतो. उघडायचा नसेल तर एक चाक घट्ट धरून दुसरं दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि प्रोपेलरवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. साडेपाचच्या जवळ की पाचच्या आत, तेवढ्यात समजतं.

वडाप पुढं कमी झालं. घराघरांत मोटारसायकली आल्या, जीप परसात उभ्या राहिल्या. दोन-तीन वर्षं कठीण गेली. मग वेगळं गिऱ्हाईक यायला लागलं. आजोबांची जीप परत चालू करायची म्हणणारे, शेतावर आणि डोंगरात फिरायला घेणारे. यांना घाई नसते. काम नीट करायला वेळ मिळतो आणि मला हे काम मनापासून आवडतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. पाणी ओसरल्यावर चिखली, आंबेवाडी, शिरोळकडून गाड्या ओढून आणल्या गेल्या. गिअरबॉक्स उघडला की तेल पांढरटलेलं, अ‍ॅक्सलच्या ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) आत गेलेला गाळ बेअरिंगवर बसलेला. साध्या पंपाची डीआय इंजिनं साफ करून, पंप खोलून, तेल दोनदा बदलून चालू झाली. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या बोलेरोंचं इंजिन शाबूत असलं तरी वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलेले. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "दोन्ही इंजिनं २५२३ सीसीचीच की, मग साधा पंप घालून द्या." घराणं एकच आहे हे खरं. पण ती गाडी ज्या प्रदूषण नियमात नोंदली गेली त्याच्या खाली तिला न्यायची नाही, म्हणून ते काम आम्ही एकाचंही घेतलं नाही. काही गिऱ्हाइकं त्यावरून नाराज होऊन गेली.

कागदपत्रांबाबतही आम्ही कडक आहोत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीची मूळ रचना मनानं बदलता येत नाही, आणि इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. आरसीवरचा (नोंदणी पुस्तकावरचा) इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नसेल तर आम्ही गाडी आत घेत नाही. भंगारातून आणलेल्या इंजिनाची पावती मागतो. पासिंगच्या वेळी मालकाला आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी त्याच्या घरच्यांना या कागदांचीच गरज पडते.

सध्या नव्या बोलेरोच्या वह्या सुरू आहेत. २०१६ साली पॉवर प्लस आली तेव्हापासून चेहरा जवळपास तोच, पण आत तीन सिलिंडरचं १४९३ सीसीचं इंजिन. दार, काच, दिवे यांची मोजणी झाली आहे, पुष्कळसं जुन्याला चालतं. क्लच आणि गिअरबॉक्सचं चालू आहे. तुमच्याकडं यातलं काही तुटलं असेल तर तुटलेला भाग टाकून देऊ नका, तुकडे झाले असले तरी पिशवीत घालून घेऊन या. नवा काय बसेल ते त्या तुकड्यांवरचे दात आणि भोकं मोजल्यावरच सांगता येतं. येताना आरसीही बरोबर असू द्या.