आईची कंबर आणि माझे शॉकर

इंदूरच्या राजेंद्रनगरातून राऊकडे निघालं की आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच एक स्पीडब्रेकर लागतो. कोणीतरी रातोरात डांबर ओतून केलेला. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय. आमचा उंचीपुरता नियम पाळतो. रुंदी मात्र जेमतेम हातभर. गेल्या मे महिन्यात त्यावरून गाडी आपटली आणि मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अगं, मागे माणसं बसलीत, गव्हाची पोती नाहीत."

आईला मणक्याचा जुना त्रास आहे, त्यामुळे तिचं बोलणं मनाला लागलं. तोवर गाडीचे ८८,००० किलोमीटर झाले होते. (कोणती गाडी ते लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक मायलेज विचारतात.) देवास नाक्याकडच्या मिस्त्रीने बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, तर गाडी तीनदा वर-खाली झाली. एकदाच वर येऊन थांबायला हवी होती. पुढच्या दोन्ही शॉकरवर तेलाचा ओला पट्टा, त्यावर धूळ बसून झालेली काळी मळी. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, शॉकर तो निपट गए."

शहाण्या माणसाने इथेच कंपनीचे नवे शॉकर, नवी माउंटिंग आणि नवे बंप स्टॉप (शॉकर पार दबला की टेकतो ते रबर) टाकून विषय संपवला असता. आईच्या कंबरेला तेवढं औषध पुरेसं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी लाखभर रुपये घालवले तर त्याचं पाप माझ्या माथी नको. पण मी पीथमपूरला क्वालिटीत काम करते. रोज येऊन-जाऊन ४५ किलोमीटर, आठवड्यातले तीन दिवस गाडीत चौघं आणि उरलेले दिवस एकटी. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांच्या चालीतला फरक मला रोज खुपायचा. शिवाय फिरवायला नॉब असलेली कुठलीही वस्तू मला आवडते. आई म्हणते, म्हणूनच आपला मिक्सर सारखा दुरुस्तीला असतो.

तर कॉइलओव्हर, म्हणजे भोवती स्प्रिंग असलेला आणि उंची बदलता येणारा शॉकर. नाव भारदस्त असलं तरी आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढच्या शॉकरभोवती स्प्रिंग आधीपासूनच असते. कॉइलओव्हरच्या सेटमध्ये शॉकरच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगची बशी त्या आट्यांवर खाली-वर सरकते. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, असेल तर तिथे स्प्रिंग वेगळी, शॉकर वेगळा, म्हणजे मागचं खरं तर कॉइलओव्हर नव्हेच. विकणारे चारही कोपऱ्यांना तेच नाव देतात.

पहिल्यांदा मी माती खाल्ली. एकाकडून वापरलेला सेट स्वस्तात घेतला. "मॅडम, तीस क्लिक हैं, मक्खन जैसी कर लो," हे त्याचं वाक्य. (क्लिक म्हणजे शॉकरवरच्या नॉबचा एकेक टप्पा.) पुढच्या स्प्रिंगा ८ किलोच्या होत्या, म्हणजे एक मिलिमीटर दबायला ८ किलो वजन लागणार. कंपनीच्या साधारण अडीचच्या असतात. वरची माउंटिंग रबराची नव्हती, धातूच्या गोळ्याची होती. आठवड्याभरात प्रत्येक खड्ड्यावर डॅशबोर्डमागून कट्‌कट् सुरू झाली. मी नॉब फिरवून सगळ्यात मऊ केला, तर गाडी आणखी बिघडली. बारीक खड्ड्यांत तशीच दाणदाण, आणि राऊच्या पुलाचे सांधे लागले की होडीसारखी डुलायची. आईला मळमळायला लागलं.

का झालं, ते मला नंतर कळलं. नॉब स्प्रिंगला हात लावत नाही. तो शॉकरमधल्या तेलाची वाट अरुंद किंवा रुंद करतो. दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरायचं काम शॉकरचं. स्प्रिंग जितकी कडक तितकी ती जोरात उसळणार, म्हणजे शॉकरही तितकाच घट्ट लागणार. कडक स्प्रिंगवर शॉकर मऊ केला की गाडी मऊ होत नाही, फक्त लगाम सुटतो. तीस क्लिक काय आणि तीनशे काय.

मग मी उलटीकडून सुरुवात केली, आधी वजन. पीथमपूरच्या रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवली. काट्यावरचा माणूस ट्रकांना सरावलेला. त्याला वाटलं बाई रस्ता चुकली. माझ्यासकट आकडा आला ६८० किलो. त्यातून चाकं, ब्रेक, हब असा स्प्रिंगच्या खालचा माल दोन्ही बाजूंचा मिळून अंदाजे ८० धरून वजा केला. उरले ६००, एका कोपऱ्यावर ३००. आता हे ३०० किलो त्या स्प्रिंगवर सेकंदाला किती हेलकावे घेतील, ते साध्या सूत्राने निघतं: स्प्रिंगचा कडकपणा भागिले वजन, त्याचं वर्गमूळ, भागिले २π (भूमितीतला पाय, ३.१४). अडीचच्या स्प्रिंगवर साधारण १.४ येतात, चारच्यावर १.८, सहाच्यावर २.२ आणि माझ्या त्या ८ वर जवळजवळ २.६. आरामाच्या गाड्या १ ते १.५ च्या आसपास ठेवतात. म्हणजे मी आईला रेसच्या गाडीकडे झुकलेल्या आकड्यावर बसवून ओंकारेश्वरला न्यायच्या गोष्टी करत होते.

मागच्या बाजूचा हेलकावा पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवायचा, ही युक्ती मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करताना मांडली. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभर उशिरा. मागचं जरा लवकर हललं तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी मान डोलावण्याऐवजी सपाट वर-खाली होते. आईची मळमळ मान डोलावण्याचीच होती.

नवा सेट निवडताना माझी पहिली अट होती पुढे ४ किलोपेक्षा जास्त नको. दुसरी, वरची माउंटिंग रबराचीच. तिसरीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. गाडी खाली घेतली की शॉकरला दबायला जागा किती उरते? नुसती बशी खाली आणून उंची कमी केली तर ती जागा तितकीच कमी होते, आणि भरलेली गाडी बंप स्टॉपच्या रबरावरच बसून धावते. त्या धक्क्याला लोक 'स्पोर्टी' म्हणतात. ज्या सेटमध्ये शॉकरचा खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो, त्यात जागा न खाता उंची बदलता येते. मी तोच घेतला.

क्लिकांचं म्हणाल तर केडब्ल्यू या कॉइलओव्हर बनवणाऱ्या कंपनीचा व्हेरियंट १ फक्त उंची देतो, व्हेरियंट २ मध्ये रीबाउंड, म्हणजे उसळण्याचा लगाम फिरवता येतो, ३ मध्ये दबण्याचाही. माझ्यासारखीला एक नॉब पुरे. दोन असते तर मी कामावर गेलेच नसते. मोनोट्यूबऐवजी ट्विन ट्यूब घेतला, कारण मोनोट्यूबच्या बाहेरच्या नळीतच पिस्टन चालतो आणि गिट्टीचा एक जोरदार दगड लागून तिला पोचा पडला की तो अडकतो. ट्विन ट्यूबला बाहेरून आणखी एक नळी असते. पीथमपूरच्या डंपरांमागून जाणाऱ्याला हे पटेल. ड्यूटीसकट एक लाख दहा हजार गेले. आईला साठ सांगितलेत.

बसवायच्या आदल्या दिवशी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मापं घेतली. पुढे ३७५ मिलिमीटर, मागे ३८०. मिस्त्रीला म्हटलं, पंधरापेक्षा जास्त खाली नको. त्याचा चेहरा पडला. एवढा माल लावून गाडी दिसायला तशीच! तीनशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा मोजलं तर डावी पुढची चार मिलिमीटर खाली होती. पाना घेऊन ती सारखी केली आणि मगच अलाइनमेंट. आधीच्या सेटच्या वेळी हे टाळलं होतं आणि पुढच्या टायरांची आतली कड ४,००० किलोमीटरमध्ये गुळगुळीत झाली होती. गाडी खाली आली की कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचे कोन, दोन्ही हलतात, हे मला पाठ होतं. पाठ असून टाळलं.

कागदपत्रांचंही एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. म्हणून जुने शॉकर पुसून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलेत आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवलाय.

पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रामध्ये ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, गाडीच्या आरामाची परीक्षा घ्यायला वेगळा ट्रॅकही आहे. माझा ट्रॅक म्हणजे कॉलनीचा तो स्पीडब्रेकर आणि उपकरण म्हणजे ताकाने गळ्यापर्यंत भरलेला स्टीलचा डबा, झाकण काढून, मागच्या सीटखाली परातीत ठेवलेला. क्लिक नेहमी पूर्ण घट्टपासून मोजायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी काहीच जुळत नाही. नॉब घट्ट करत शेवटाला टेकवला की टक् आवाज थांबतो, तो शून्य. पुढच्या नॉबसाठी वायपरखालचं प्लॅस्टिक काढावं लागतं, मागच्यासाठी डिकीतला गालिचा. चार रविवार गेले. शून्यापासून पुढे ९ आणि मागे ११ वर परातीत सगळ्यात कमी ताक सांडलं. ११ च्या पलीकडे मऊ केलं की स्पीडब्रेकर सौम्य लागे, पण नंतरच्या डुलण्यात ताक बाहेर. चौघं असलो की मागचे ११ चे ७ करते. परात धुवायचं काम अर्थात माझंच.

श्रावणात आईला घेऊन सिमरोलवरून ओंकारेश्वरला गेले. भैरव घाटात वळणावर खोदलेला रस्ता, समोरून ट्रक. तिथे ती काही बोलली नाही. दर्शन झालं, येताना चोरलला चहा झाला, तेव्हा विचारलं, कशी वाटली? "आधीपेक्षा बरी," म्हणाली. "पण सीट तुझी वाईट आहे, ती बदल."

पावसाळा संपल्यावर आट्यांवरचा चिखल जुन्या टूथब्रशने काढला, कोरडं वंगण मारलं. हे नाही केलं तर बशी गंजून बसते आणि पुढे उंची बदलायची झाली तर छिन्नी-हातोडा. सध्या थंड सकाळी उजव्या मागच्या बाजूने बारीक चूं-चूं येते. बुश आहे की स्प्रिंगखालचं रबर सरकलंय, कळत नाही. रविवारी जॅक लावून बघते.