मेळघाटातली पौर्णिमा आणि मचाणाखाली आलेलं ते

बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर रात्र काढता येते हे बऱ्याच जणांना माहीत असेल. आधी याला प्राणीगणना म्हणायचे, आता निसर्गानुभव म्हणतात, कारण वाघ मोजायचं खरं काम कॅमेरा ट्रॅपवर होतं, आपण फक्त पाणवठ्यावर कोण येतंय ते बघत बसायचं. माझा नंबर लागला आणि अमरावती, परतवाडा, मग घाटातून सेमाडोह असा पोचलो. 1973-74 ला देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला मेळघाट हा एक, त्यामुळे डोक्यात वाघच होता, खोटं कशाला बोला.

सूचना भरपूर. सेंट नको, भडक कपडे नको, बोलायचं नाही, टॉर्च मारायचा नाही, सकाळी जीप येईपर्यंत खाली उतरायचं नाही (म्हणजे बाटली सोबत ठेवा, समजून घ्या). आणि फॉर्ममध्ये जे डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहायचं.

सोबत एक कोरकू आदिवासी वनमजूर होते, वयाने बरेच मोठे, मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि ते मला सर, कितीही सांगितलं तरी सरच. संध्याकाळी मोर आले, रानडुकरांचं खटलं आलं, चिखलात लोळून गेलं. मग अंधार आणि चंद्र वर. मेमध्ये सागाला पानं नसतात, सगळी खाली वाळून पडलेली, त्यामुळे साधा ससा जरी चालला तरी कोणी माणूस येतोय असं वाटतं. रातवा पक्षी टकटक टकटक लावून बसला होता.

मध्यरात्र उलटून गेली असेल, नाल्याच्या बाजूने सांबर ओरडलं. पोंक! एकदम दणकट आवाज. परत एकदा. भाऊंनी नुसता हात वर केला. मी पाणवठ्याकडे डोळे फाडून बघतोय, आता वाघ येणार म्हणून, आणि आवाज आला तो पाठीमागून. चर्र चर्र पानं, थांबलं, परत चर्र, आणि मग बरोब्बर आमच्या खाली. चांदणं एवढं की घड्याळाचे काटे दिसत होते पण मचाणाचीच सावली खाली पडलेली, त्या काळ्या चौकोनात काय आहे ते काही केल्या दिसेना. जोरात फुंकर मारल्याचा आवाज, फूऽऽ, आणि मग ओढल्याचा, कोणीतरी बशीतला चहा भुरकतंय पण ती बशी घमेल्याएवढी आहे असा. परत फुंकर. माती उकरल्याचा आवाज. मग ते थांबलं आणि शिडी हलली. आमची लाकडी शिडी, खोडाला टेकवलेली, ती कर्रकन वाजली आणि माझ्या पायाखालची फळी थरथरली.

भाऊ कानाशी येऊन एवढंच म्हणाले, "हालू नका सर. वाघ असता तर गेला असता. हे नाही जात."

हे ऐकून धीर यावा अशी त्यांची अपेक्षा असावी.

किती वेळ गेला सांगता येत नाही, घाम मात्र थंड होता, मेमध्ये. शेवटी एक गुरगुर, आणि पानांचा आवाज टेकडीकडे लांब लांब गेला. त्यानंतर भाऊ चक्क झोपले!

उजाडल्यावर वरूनच दिसलं, खोडाजवळचं वारूळ फोडून टाकलेलं आणि शिडीच्या खालच्या पायरीवर नखांचे ओरखडे. अस्वल. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, आधी फुंकर मारून माती उडवायची आणि मग त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, हा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो म्हणतात, आम्ही तर डोक्यावरच बसलेलो. आणि हो, अस्वल मधासाठी झाडावर आरामात चढतं, ते शिडीवाचून अडत नाही. ही माहिती भाऊंनी रात्री दिली नाही ते फार बरं केलं. इकडच्या गावांतले लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त घाबरतात ते का हे आता मला विचारा. फॉर्ममध्ये अस्वलाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं, दिसलं कुठे होतं?

जीपला उशीर होता. भाऊ म्हणाले चला सर, नाल्यानाल्यानं चालत गेलो तर रस्ता जवळच. मी शिडीवर एक पाय ठेवला आणि सहज विचारलं, भाऊ, ते सांबर अस्वलाला बघून ओरडलं ना?

"नाही सर, अस्वलासाठी कशाला ओरडते ते. अस्वल तर इकडून आलं. नाल्यात दुसरं होतं."

मी पाय वर घेतला. जीप साडेआठला आली.